रागोबा, टोचणीबाई आणि मी

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न. तुमच्या घरात किती माणसं राहतात?

लगेच बोटं मोजायला लागलात ना? आई, बाबा, आजी, ताई, मी... कुणी म्हणेल पाच, कुणी म्हणेल आठ. एखादा चावट विचारेल, "बाई, आमच्या मनीमाऊला धरायचं का?" धरा की! आता दुसरा प्रश्न. तुमच्या मनात किती जण राहतात?

आता मात्र बोटं थांबली! "मनात कोण राहणार? मी एकटाच!" असं तुम्ही म्हणाल. पण जरा आठवून पाहा. सकाळी गजर वाजतो. एक जण म्हणतो, "ऊठ, शाळेला उशीर होईल." दुसरा म्हणतो, "झोप रे, पाचच मिनिटं!" फ्रीजमध्ये ताईच्या वाटणीचा लाडू दिसतो. एक जण म्हणतो, "खाऊन टाक, कुणी बघत नाही." दुसरा हळूच म्हणतो, "तो तिचा आहे ना?" हे दोघं कोण? बाहेरून तर कुणी आलेलं नाही. दोघंही तुमच्याच मनात मुक्कामाला आहेत!

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवी कल्पना नाही हं. समर्थ रामदासांचे 'मनाचे श्लोक' तुमच्यापैकी कितीतरी जणांना पाठ असतील. २०५ श्लोक आहेत ते. त्यांत समर्थ कुणाशी बोलतात? मनाशीच! म्हणजे आपण आपल्या मनाशी बोलू शकतो, त्याला समजावू शकतो, हे आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वीही माणसं ओळखून होती. अलीकडे २०१५ साली 'इनसाइड आऊट' नावाचा एक कार्टूनपट आला. त्यात रायली नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात आनंद, दुःख, भीती, किळस आणि राग असे पाच जण राहतात आणि सारखे भांडतात. तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. २०२४ साली त्याचा दुसरा भाग आला, त्यात आणखी चौघं नवे राहायला आले. पण गंमत म्हणजे, या नऊ जणांत एक पात्र नाहीच. आपल्या सगळ्यांच्या मनात मात्र ते हमखास असतं.

ते पात्र म्हणजे आपल्या चुकीनंतर मनाला लागणारी टोचणी. आज आपण तिची आणि तिच्या भांडखोर शेजाऱ्याची, म्हणजे रागाची, ओळख करून घेणार आहोत. मी त्यांना नावं ठेवली आहेत, टोचणीबाई आणि रागोबा. 'नावं ठेवली' म्हणजे बारसं केलं हं, निंदा नाही केली!

एका शंभराच्या नोटेची गोष्ट

आधी एक गोष्ट सांगते. गोष्ट माझीच आहे, आणि तिच्यात चूक करणारी तुमच्यासारखी मुलगी नाही, तर शिकवणारी बाई आहे.

काही वर्षांपूर्वी मी चौथीच्या वर्गावर होते. सहलीचे पैसे गोळा करायचा शेवटचा दिवस होता. मधल्या सुटीनंतर मी पैसे मोजले, तर शंभर रुपये कमी! पुन्हा मोजले. पुन्हा शंभर कमी. त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं दुखत होतं, वर्गात गलका चालला होता, आणि संध्याकाळच्या आत हिशेब द्यायचा होता. मी विचारलं, "मधल्या सुटीत वर्गात कोण होतं?" सगळ्यांनी एका मुलीकडे बोट दाखवलं. तिचं नाव मी सांगणार नाही.

मी तिला पुढे बोलावलं. "पैसे घेतलेस?" ती मान हलवून नाही म्हणाली. मी काय करावं? तिचं दप्तर घेतलं आणि सगळ्या वर्गासमोर टेबलावर पालथं केलं! त्यातून काय पडलं? दोन वह्या, पेन्सिलीचा तुकडा, एक फुटपट्टी आणि मूठभर चिंचोके. चिंचोके घरंगळत बाकांखाली गेले. मुलं हसली. शंभराची नोट काही निघाली नाही. "कुठं लपवलीस ते उद्या सांग," असं म्हणून मी तिला जागेवर बसवलं. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी घरी मी पावतीपुस्तक उघडलं. दोन पानांच्या मध्ये शंभराची नोट चिकटून बसली होती. मीच ठेवलेली!

आता मला सांगा, दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यावर मी काय करायला हवं होतं? बरोबर. तिची माफी मागायला हवी होती. पण मी काय केलं माहीत आहे? मी फक्त एवढंच म्हणाले, "पैसे सापडले बरं का," आणि फळ्याकडे वळून गणित घालायला लागले. आणि खरी विचित्र गोष्ट तर पुढेच आहे. त्या दिवसापासून मला त्या मुलीचाच राग यायला लागला! "बघते कशी टकामका!" "मधल्या सुटीत वर्गात बसायची काय गरज होती हिला?" "नाही घेतले, असं ठणकावून का नाही सांगितलं?" तिची वही तपासताना माझं लाल पेन उगाचच जोरात चालू लागलं. तिचं अक्षर वाईट नव्हतं, तरी मी 'अक्षर सुधार' असा शेरा मारला.

विचार करा! चूक माझी, अपमान तिचा, आणि राग मात्र मला! असं कसं झालं?

म्हणींना सगळं ठाऊक असतं

याचं उत्तर आपल्या म्हणींमध्ये आहे. 'खाई त्याला खवखवे.' ज्याने चूक केली, त्याच्या मनाला ती आतून खात राहते. ही झाली टोचणीबाई. 'चोराच्या उलट्या बोंबा.' ज्याची चूक असते तोच उलट जास्त आरडाओरडा करतो. हे झाले रागोबा. आणि 'वड्याचं तेल वांग्यावर.' म्हणजे राग एकाचा आणि निघतो दुसऱ्यावर.

पहिल्या दोन म्हणी शेजारी शेजारी ठेवून पाहा. टोचणीबाई आतून टोचायला लागली की ते दुखणं सहन होत नाही. मग आपण काय करतो? रागोबाला हाक मारतो. तो धावत येतो आणि टोचणीबाईचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मोठ्यानं ओरडायला लागतो. "तूच मला हसलास!" "आईनंच मला नीट सांगितलं नाही!" "पेन तुटलं तर तुटलं, होतंच भिकार!" ज्याचं आपण वाईट केलं, त्याच्यावरच आपण चिडतो, कारण त्याचा चेहरा दिसला की टोचणीबाई पुन्हा टोचते.

तुमच्याही बाबतीत असं झालंय का? भावाची सायकल न विचारता नेली, ती पंक्चर झाली, आणि त्यानं विचारल्यावर तुम्हीच त्याच्या अंगावर धावून गेलात? जवळच्या मैत्रिणीचं गुपित फोडलं आणि मग तिच्याशीच बोलणं सोडलं? झालं असेल तर लाजू नका. बाईंचंही झालं होतं!

रागोबा येतात तेव्हा शरीरात काय होतं?

रागोबा काही हवेतून येत नाहीत. मेंदूच्या आत डाव्या-उजव्या बाजूला बदामाच्या आकाराचा एकेक छोटासा भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. धोका आहे असं वाटलं की तो घंटा वाजवतो. मग मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलीन नावाचा रस रक्तात येतो. छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, मुठी आवळल्या जातात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की, ही शरीराची तयारी असते. लढायची, नाहीतर पळून जायची! समोर वाघ असेल तर ही तयारी फार उपयोगाची. पण समोर धाकटी बहीण असेल तर?

शांतपणे विचार करायचं काम मुख्यतः कपाळामागचा मेंदूचा भाग करतो. हा भाग पुरता तयार व्हायला माणसाला पंचविशीच्या आसपास पोहोचावं लागतं. म्हणून मुलांनो, तुम्हाला राग आवरायला जड जातं, यात तुमचं मन वाईट आहे असं मुळीच नाही. तो भाग अजून वाढतो आहे. मात्र 'वाढतो आहे' म्हणजे सवय लावायची हीच वेळ! (आणि बाईंची पंचविशी तर कधीच उलटून गेली होती, तेव्हा त्यांना ही सबब चालणार नाही!)

ताटी उघडायची कशी?

रागोबाला हाकलून द्यावं का? टोचणीबाईच्या तोंडाला पट्टी लावावी का? बघू या.

ज्ञानेश्वर आणि मुक्ताबाईंची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. लोकांच्या वागण्यानं मन दुखावलं म्हणून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून आत बसले. धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेर आली. तिनं दार तोडलं नाही. "बसा असेच!" म्हणून निघूनही गेली नाही. ती दाराबाहेर थांबली आणि भावाला समजावत राहिली. त्या वेळचे तिचे अभंग 'ताटीचे अभंग' म्हणून आजही गायले जातात.

आपल्या मनातल्या माणसांशी असंच वागायचं असतं. दार तोडायचं नाही आणि सोडून जायचंही नाही. बाहेर थांबून बोलायचं. रिचर्ड श्वार्ट्झ नावाचे एक अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आहेत. कुटुंबातली भांडणं सोडवणं हे त्यांचं काम. १९८०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की, माणसं आपल्या मनाबद्दल बोलतानाही एखाद्या कुटुंबाबद्दल बोलावं तसं बोलतात. 'माझा एक भाग असं म्हणतो, दुसरा तसं म्हणतो.' मग त्यांनी त्या भागांशीच बोलायची पद्धत सुरू केली. त्यांचं म्हणणं असं की, मनातला कुठलाच भाग मुळात वाईट नसतो. प्रत्येक जण आपल्याला कशापासून तरी वाचवायला धडपडत असतो. फक्त त्याची रीत चुकते.

आता पुन्हा माझ्या गोष्टीकडे येते. चौथ्या दिवशी रात्री झोप येईना. उठले, एक पाठकोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'रागोबा', दुसऱ्या बाजूला 'टोचणीबाई'. आणि त्यांच्याशी चक्क गप्पा मारल्या.

मी विचारलं, "रागोबा, त्या मुलीवर एवढे का ओरडताय?"

रागोबा म्हणाले, "मी ओरडलो नाही तर सगळ्यांना कळेल की बाई चुकल्या. मुलं हसतील. कुणी मान देणार नाही. मी तुला वाचवतोय!"

पाहिलंत? रागोबा रागावलेले नव्हतेच. घाबरलेले होते!

मग टोचणीबाईला विचारलं, "आणि तुम्ही का टोचताय?" ती आधी म्हणाली, "तू वाईट बाई आहेस. तुला शिकवायचा हक्कच नाही." मी म्हटलं, "बरं, पण असं म्हणून काय होईल? तुम्हाला नेमकं हवंय काय?" टोचणीबाई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या मुलीला वर्ग चोर म्हणतोय. तिचं नाव तिला परत मिळायला हवं."

हे लिहिलं आणि माझा हात थांबला. चार दिवस मी फक्त माझाच विचार करत होते. माझा मान, माझं नाव, माझा वाईटपणा. त्या मुलीचा विचार मनातलं फक्त एकच जण करत होतं. जिला मी गप्प करत होते ती टोचणीबाई!

चिंचोके बत्तीस होते

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी वर्गात उभी राहिले. पाय थरथरत होते, खोटं कशाला सांगू? मी म्हणाले, "मुलांनो, पैसे कुणीच चोरले नव्हते. ते माझ्याच पावतीपुस्तकात होते. मी न विचारता, न शोधता हिच्यावर आळ घेतला, सगळ्यांसमोर हिचं दप्तर उपडं केलं. चूक माझी आहे, हिची नाही. मी हिची माफी मागते." आळ सगळ्यांसमोर घेतला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी होती. कोपऱ्यात बोलावून, कानात सांगून चाललं नसतं.

वर्ग चिडीचूप. कुणीही हसलं नाही. ती मुलगी उठली आणि एवढंच म्हणाली, "बाई, माझे चिंचोके बत्तीस होते. आता पंचवीसच आहेत."

मधल्या सुटीत मी बाकांखाली वाकून चिंचोके शोधले. पाच सापडले. दोन मिळालेच नाहीत. तेव्हाच मला कळलं की त्या दिवशी ती मधल्या सुटीत वर्गात का बसली होती. तिची चप्पल तुटली होती. अंगण उन्हानं तापलं होतं. एवढं साधं कारण, आणि मी ते विचारलंही नव्हतं!

संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, "तुम्ही आलात, बरं केलंत. पोरीनं दोन दिवस शाळेतली खिचडी खाल्ली नाही. का ते सांगत नव्हती." मला वर बघवेना.

तुम्हाला वाटेल, माफी मागितली आणि सगळं गोड झालं. तसं नाही झालं. पुढे कितीतरी दिवस त्या मुलीनं वर्गात हात वर केला नाही. तिला राग आला होता, आणि तो राग अगदी योग्य होता! माफी मागणं आपलं काम. माफ करायचं की नाही, आणि कधी, हे समोरच्याचं काम. "मी सॉरी म्हटलं ना, आता हस बघू!" असं म्हणणं म्हणजे पुन्हा दादागिरीच. मी वाट पाहिली. सहलीनंतर बऱ्याच दिवसांनी तिनं एकदा हात वर केला आणि म्हणाली, "बाई, फळ्यावरचं तिसरं गणित चुकलंय." खरंच चुकलं होतं! त्या दिवसाइतकी चूक दाखवल्याचा आनंद मला कधी झाला नाही.

पंधरा वर्षांच्या मोहनची चिठ्ठी

चूक कबूल करायची म्हटलं की जीभ उचलत नाही. मग काय करावं? महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःचीच एक गोष्ट सांगितली आहे. पंधरा वर्षांचे असताना त्यांनी मोठ्या भावाच्या हातातल्या सोन्याच्या कड्याचा छोटा तुकडा चोरला. भावाला झालेलं पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडायला! कर्ज फिटलं, पण टोचणी काही केल्या थांबेना. वडिलांना तोंडानं सांगायचं धाडस होईना, म्हणून मोहननं चिठ्ठी लिहिली आणि आजारी वडिलांच्या हातात दिली. त्यात त्यानं गुन्हा कबूल केला, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी करणार नाही असं वचन दिलं, आणि माझ्यासाठी तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका अशी विनंतीही केली. वडिलांनी चिठ्ठी वाचली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते काही बोलले नाहीत. चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले.

या चिठ्ठीत 'मी वाईट, मी नालायक' असा नुसता गळा काढलेला नव्हता. काय केलं ते स्पष्ट होतं, आणि पुढे काय करणार तेही. हे फार महत्त्वाचं आहे. 'माझ्याकडून वाईट गोष्ट घडली' आणि 'मी वाईट आहे' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यानं माणूस कामाला लागतो. दुसऱ्या वाक्यानं तोंड लपवून बसतो, नाहीतर ओरडत सुटतो. टोचणीबाई दुसरं वाक्य म्हणायला लागली की तिला प्रेमानं सांगायचं, "बाई, वाक्य दुरुस्त करा!"

खोटी टोचणी ओळखा

आता एक अगदी जपून लक्षात ठेवायची गोष्ट. टोचणीबाईला कधी कधी पत्ता चुकतो! आई-बाबांचं भांडण झालं, की लहान मुलांना वाटतं, 'मी हट्ट केला म्हणून झालं.' आजोबा आजारी पडले, की वाटतं, 'मी त्यांच्याशी उद्धट बोललो म्हणून.' मुलांनो, मोठ्यांची भांडणं आणि आजारपणं तुमच्यामुळे होत नाहीत. आणि एखाद्या मोठ्या माणसानं तुम्हाला नकोसा स्पर्श केला, धमकावलं, 'कुणाला सांगू नको' म्हटलं, तर ती चूक शंभर टक्के त्या माणसाची असते. तुमची एक टक्काही नाही. ती टोचणी तुम्ही ठेवूनच घ्यायची नाही. विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगायचं. घरात सांगता येत नसेल तर शाळेत सांगा, नाहीतर १०९८ या मुलांसाठीच्या मोफत क्रमांकावर फोन करा.

तसाच रागही प्रत्येक वेळी खोटा नसतो. वर्गात कुणी मित्राच्या काळ्या रंगावरून चिडवत असेल आणि तुम्हाला राग आला, तर रागोबा त्यांचं खरं काम करतायत. अशा वेळी त्यांचं ऐका. फक्त हातानं नव्हे, तोंडानं बोला. "हे चालणार नाही," एवढं ठाम सांगणं म्हणजे सुद्धा राग व्यक्त करणंच!

करून पाहा

एक वही घ्या. अर्धी कोरी असलेली जुनी वहीसुद्धा चालेल. ती कुणालाही दाखवायची सक्ती नाही. मनात खळबळ झाली की आधी दहा वेळा सावकाश श्वास सोडा. अमिग्डलाची घंटा मंद होऊ द्या. मग लिहा:

१. आत्ता मनात कोण बोलतंय? रागोबा, टोचणीबाई, की दोघंही? (आणखी कुणी असेल तर त्याचंही बारसं करा!)

२. ते शरीरात कुठं बसलेत? छातीत, पोटात, की आवळलेल्या मुठीत?

३. त्यांना विचारा, "तुम्ही कशाला घाबरताय? तुम्हाला काय हवंय?" जे उत्तर येईल ते जसंच्या तसं लिहा.

४. खरोखर माझी चूक किती? सगळी, थोडी, की काहीच नाही? प्रामाणिक वाटणी करा.

५. चूक माझी असेल, तर काय दुरुस्त करता येईल? तोंडी सांगायचं, चिठ्ठी लिहायची, की हरवलेले चिंचोके शोधायचे?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर वहीत ठेवू नका. ते वहीतून बाहेर काढून प्रत्यक्ष करायचं असतं!

आई-बाबांसाठी चार शब्द

पालकहो, मूल चूक करून वर तोंड करून बोलतं, तेव्हा आपला पारा चढतो. अशा वेळी क्षणभर थांबा. त्या उर्मटपणामागे बहुधा एक घाबरलेलं, टोचणी लागलेलं पोर असतं. "खरं सांग, नाहीतर बघ!" म्हटलं की रागोबा आणखी जोरात ओरडतात. "खरं सांगितलंस तर आपण मिळून दुरुस्त करू," म्हटलं की टोचणीबाईला बोलायला जागा मिळते. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत बंदी घातली आहे. पण घरात दप्तर पालथं करणारे हात आपलेच असतात. आणि आपली चूक झाली तर मुलांची माफी मागा. त्यानं मान कमी होत नाही, हे मी अनुभवानं सांगते. मूल आठवडेच्या आठवडे स्वतःला दोष देत असेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

तर बालमित्रांनो, तुमच्या मनाचं घर मोठं आहे. रागोबाला बाहेर काढू नका, पण घराच्या किल्ल्याही त्यांच्या हातात देऊ नका. टोचणीबाईचं तोंड बंद करू नका, पण तिला दिवसभर टोचतही बसू देऊ नका. दोघांना समोर बसवा, त्यांचं ऐका, आणि निर्णय तुम्ही घ्या. कारण घर तुमचं आहे.

माझ्या टेबलाच्या खणात आजही एका डबीत दोन चिंचोके आहेत. हरवलेले ते मिळालेच नाहीत. हे मी दुसरीकडून आणून ठेवले आहेत. कुणावर डाफरायची वेळ आली की आधी खण उघडते.

मग, तुमच्या वहीचं पहिलं पान आज लिहिणार ना?